पहाटे तीनचं दूध

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातल्या सुनेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते थोडक्यात देते.

"माझ्या सासूबाई ५२ वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी नवरात्रात चौथ्या माळेला पहाटे त्या घामाने चिंब झाल्या, डोळे एका जागी लागले आणि काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, देवी अंगात आली. पंचामृत पाजलं तशा भानावर आल्या. मग दर एकादशीला आणि मधूनच पहाटे तसं व्हायला लागलं. बायका ओटी भरायला, प्रश्न विचारायला यायच्या. एकदा तोंड वाकडं होऊन हातपाय झाडले, तेव्हा दवाखान्यात नेलं. दोन वर्षं फिटच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. वजन ११ किलोनं वाढलं. दोन महिन्यांपूर्वी मिरजेच्या एका डॉक्टरांनी त्या बरळत असतानाच बोटाला सुई टोचून साखर बघितली, ३८ आली. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीकडे १६ मिलिमीटरची गाठ निघाली, रिपोर्टात 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असण्याची शक्यता' असं लिहिलंय. सर्जन म्हणतात, पुढच्या आठवड्यात शेपटी आणि प्लीहा (पाणथरी) काढून टाकू. दुसरे डॉक्टर म्हणतात, आधी दाखल करून उपाशी ठेवू. आजारी माणसाला मुद्दाम उपाशी ठेवून बेशुद्ध पाडायचं? मिस्टरांनी नेटवर बघितलं तर इरफान खानचं नाव आलं. दीर म्हणतात, पर्रीकरांना झाला तोच कॅन्सर, चिरफाड करू नका, काढा देऊ. मामंजींना शुगर आहे, त्यांचं औषधपाणीही मीच बघते. मी रोज पहाटे तीनला उठून सासूबाईंना साखर घातलेलं दूध पाजते. आषाढी जवळ आली आहे, त्या उपास सोडायला तयार नाहीत. काय करू?"

ताई,

आधी दोन गोष्टी सांगते, बाकीचं पत्र नंतर सावकाश वाचा. पुढच्या आठवड्याची ऑपरेशनची तारीख सध्या घेऊ नका. आणि तोवर सासूबाईंना विहिरीवर, चुलीपुढे, दुचाकीवर मागे किंवा रात्री खोलीत एकटं ठेवू नका. ऑपरेशनला घाई नाही, सांभाळायला मात्र आजपासूनच लागायचं आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मनात आलं की निदानाचा बराचसा भाग तुम्हीच लिहून पाठवलाय. उपाशीपोटी त्रास होतो, त्रास होत असताना साखर कमी सापडते आणि साखर पोटात गेली की माणूस भानावर येतं. न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात नेमक्या या तीन गोष्टी एकत्र मांडल्या. आजही जगभरचे डॉक्टर या त्रिकुटापासूनच सुरुवात करतात. तुमच्या घरी ग्लुकोजच्या बाटलीचं काम पंचामृतातल्या मधाने आणि साखरेने केलं, एवढाच फरक.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण ते कळलं की बाकीच्या तपासण्या डोक्यात आपोआप बसतील. स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पडलेली, वीतभराहून थोडी आखूड ग्रंथी. तिचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस तयार करतो. त्यात तिळासारखी विखुरलेली पेशींची बेटं असतात, साऱ्या ग्रंथीच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के. पॉल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये बर्लिनला आपल्या प्रबंधात ती पहिल्यांदा नोंदवली. रक्तातली साखर उतरवणारं इन्शुलिन या बेटांतून येतं. आपण रात्री आठला जेवतो आणि सकाळी सातला चहा घेतो. मधले अकरा तास पोट रिकामं असतं, तरी मेंदू चालतो, कारण यकृत साठवलेली साखर थोडी थोडी सोडत राहतं. त्या वेळात इन्शुलिनने गप्प बसायचं असतं. पण बेटांतल्या पेशींची गाठ झाली तर ती कोणाचं ऐकत नाही. वॉशर गेलेल्या नळासारखं तिच्यातून इन्शुलिन ठिबकत राहतं, माणूस जेवलेला असो की उपाशी. अशा गाठीला इन्शुलिनोमा म्हणतात. दहा लाख लोकांत वर्षाला एक ते चार जणांना ती होते. म्हणजे तुमच्या गावच्या डॉक्टरांना अख्ख्या कारकिर्दीत ती एकदाही दिसली नसेल, तर त्यात नवल नाही.

साखर उतरायला लागली की आधी घाम, धडधड, थरथर आणि भूक असे इशारे मिळतात. पण वारंवार साखर उतरत राहिली की शरीर हे इशारे देणंच कमी करतं आणि माणूस एकदम मेंदूच्या पातळीवर कोलमडतो. बरळतो, हट्टाला पेटतो, समोरच्याला ओळखत नाही, कधी आकडीही येते. म्हणून अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं फिटचे नाहीतर मनोविकाराचे उपचार चालू राहतात. हे जगभर घडतं. आणि पहाटेचं हे रिकामपण टाळायला माणूस सारखं खात राहतं, त्यातून ११ किलो वाढतात. मिरजेच्या ज्या डॉक्टरांनी सासूबाई बरळत असताना सुई टोचली, त्यांचे मनापासून आभार माना. तीन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं काम त्या एका थेंबाने केलंय.

आता तुमच्या सर्जनच्या घाईबद्दल. गाठ दिसली आहे आणि साखर ३८ आली आहे, मग अजून काय हवं, असं त्यांना वाटत असणार. माझं मत वेगळं आहे. बोटावरच्या मशीनचा आकडा इतक्या खालच्या पातळीवर पुरेसा भरवशाचा नसतो. शिवाय त्या क्षणी इन्शुलिन खरोखर जास्त होतं का, आणि असलं तर ते त्यांच्याच शरीरातून आलं होतं का, हे कोणी तपासलेलं नाही. आणि सीटीतली गाठ म्हणजे निदान नव्हे. स्वादुपिंडाच्या शेपटीत कधीकधी जन्मापासून प्लीहेचा छोटा तुकडा अडकलेला असतो. तो निरुपद्रवी असतो, पण स्कॅनमध्ये अगदी अशाच गाठीसारखा उजळतो. तो काढला आणि साखर तशीच उतरत राहिली, तर पुढे काय?

आणखी एक शंका आहे, ती तुम्हाला घरच्या घरी तपासता येईल. मामंजींना शुगर आहे आणि औषधं तुम्हीच देता, असं तुम्ही लिहिलंय. आज संध्याकाळी औषधांचा डबा फरशीवर पालथा करा. आपल्याकडे बहुतेक घरांत एकच डबा असतो. त्यात कात्रीने कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे असतात, चार गोळ्यांची पट्टी दोन-दोनची झालेली, नाव अर्धं कापलं गेलेलं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड जातीची शुगरची एक गोळी चुकून सासूबाईंच्या पोटात गेली, तर साखर उतरते आणि रक्ताचे आकडेही हुबेहूब इन्शुलिनोमासारखेच दिसतात. याचसाठी रक्तात किंवा लघवीत त्या गोळ्यांचा अंश आहे का, हे तपासायला सांगतात. संशय घेतला म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये. दुसरं म्हणजे हातापायाच्या मुंग्यांसाठी त्या 'नसांच्या' कॅप्सूल घेतात का ते बघा, आणि मागे अल्फा लिपोइक ॲसिड लिहिलेलं आहे का तेही वाचा. या औषधाने, तसंच थायरॉइडच्या कार्बिमाझोलसारख्या काही औषधांनी, क्वचित इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन साखर उतरते. जपानमध्ये हिराता यांनी १९७० मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यात गाठ नसते आणि ऑपरेशनही लागत नाही. सगळ्या औषधांचे मोबाइलवर फोटो काढा, पट्टीची मागची बाजू दिसेल असे, आणि ते डॉक्टरांना दाखवा.

मुद्दाम उपाशी ठेवून बेशुद्ध पाडायचं का, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न मी अनेक नातेवाइकांच्या तोंडून ऐकलाय आणि तो अगदी रास्त आहे. म्हणून ही चाचणी कशी असते ते जवळून सांगते.

मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. एका प्राथमिक शिक्षिकेची ही तपासणी होती. रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी आणि साखरेविना कोरा चहा. हातात सलाईनची सुई आधीच लावलेली, उशाशी ग्लुकोज भरलेली सिरिंज तयार. माझं काम त्यांच्याशेजारी बसायचं, ठरावीक वेळाने रक्त घ्यायचं आणि मेंदू जागेवर आहे का हे बघायला काहीतरी हिशेब विचारत राहायचं. त्या म्हणाल्या, पाढा म्हणते. एकोणतिसाचा. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा, एकशे पंचेचाळीस, घडाघडा. अठरा तास असंच चाललं. एकोणिसाव्या तासाला त्या सत्त्याऐंशीवर थांबल्या. पुन्हा सत्त्याऐंशी म्हणाल्या, हसल्या आणि चादरीचा कोपरा चिमटीत धरून सोडायला लागल्या. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. मी राखाडी टोपणाच्या नळीत साखरेसाठी रक्त घेतलं, दुसऱ्या नळ्यांत इन्शुलिन आणि सी-पेप्टाइडसाठी घेतलं, नळ्या बाजूला ठेवल्या आणि लगेच ग्लुकोज सोडलं. दोन मिनिटांत त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, पाढा झाला का माझा?" प्रयोगशाळेतून साखर आली ३१.

चाचणी इतकीच असते. बेशुद्ध पाडत नाहीत. बोलणं घसरलं आणि साखर उतरली की त्याच क्षणी रक्त घेऊन थांबतात. नाव '७२ तासांचा उपास' असलं, तरी साधारण तिघांतल्या एका रुग्णाची साखर १२ तासांतच उतरते, बहुतेकांची पहिल्या २४ तासांत, आणि ४८ तासांच्या पुढे फार थोड्यांना जावं लागतं. सासूबाईंना पहाटेच त्रास होतो, तेव्हा त्यांची चाचणी बहुधा एका रात्रीत आटोपेल. आज त्या घरी, तुमच्या एकटीच्या पहाऱ्यात, हाच धोका रोज पत्करतायत. फरक एवढाच की घरी हाताला सुई लावलेली नसते आणि रक्त घ्यायलाही कोणी नसतं.

रिपोर्ट हातात आला की त्यात एवढं बघा. प्रयोगशाळेतली साखर ५५ च्या खाली असताना इन्शुलिन ३ किंवा त्याहून जास्त आणि सी-पेप्टाइड ०.६ किंवा त्याहून जास्त असेल, तर शरीर नको तेव्हा इन्शुलिन बनवतंय हे ठरलं. निरोगी माणसात या वेळी हे दोन्ही आकडे जवळपास तळाला गेलेले असतात. सी-पेप्टाइड कशाला, तर शरीर इन्शुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक कणाबरोबर सी-पेप्टाइडचाही एक कण सुटतो. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनमध्ये तो नसतो. इन्शुलिन, सी-पेप्टाइड आणि साखर हे तिन्ही एकाच वेळच्या रक्तातून हवेत. आज साखर आणि उद्या इन्शुलिन अशी तपासणी केली, तर पैसे वाया. साखर चांगली असताना केलेलं इन्शुलिनही असंच बिनकामाचं. याच मुक्कामात प्रतिपिंडांची आणि कॉर्टिसोल या संप्रेरकाची तपासणीही करून घ्यायला सांगा.

हे सिद्ध झालं की मग चित्रांकडे वळायचं. स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने केलेला सीटी किंवा एमआरआय आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या भिंतीआडून ग्रंथी अगदी जवळून बघणं. गाठ मुख्य नलिकेपासून किती मिलिमीटरवर आहे हे यात कळतं, आणि ऑपरेशन कोणतं करायचं ते बरंचसं त्यावरच ठरतं. गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा पेट स्कॅन हल्ली पटकन लिहून देतात. न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी तो उत्तमच आहे, पण सौम्य इन्शुलिनोमा त्यात पुष्कळदा दिसत नाही. त्यांच्यासाठी एक्सेंडिनवर आधारलेला स्कॅन जास्त उपयोगी पडतो. तो आपल्या देशात मोजक्याच केंद्रांत होतो, आणि सीटी व एंडोस्कोपीत एकाच जागी एकच गाठ स्पष्ट दिसली तर त्याची गरजही नाही. सुईने तुकडा काढणंही बहुतेक वेळा लागत नाही, निदान रक्तानेच केलेलं असतं.

आता कॅन्सरचा प्रश्न. तुम्ही तो पत्राच्या मधोमध लिहिलात, पण घरात सगळ्यात आधी तोच आला असणार.

मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. तेव्हापासून मराठी घरांत 'स्वादुपिंड' हा शब्द ऐकला की लोक गप्प होतात. पण एका अवयवातल्या सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात. स्वादुपिंडाच्या शंभर कर्करोगांतले नव्वदहून अधिक पाचक रसाच्या नलिकांच्या अस्तरातून उगवतात आणि ते फार आक्रमक असतात. बेटांच्या पेशींतून आलेल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींची जात वेगळी, चाल वेगळी, औषधंही वेगळी. इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये स्वतःच आपला आजार न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं जाहीर केलं आणि २९ एप्रिल २०२० ला ते गेले. नाव तेच आहे म्हणून तुमच्या मिस्टरांच्या पोटात गोळा आला, हे मी समजू शकते. पण हे आडनावासारखं आहे. पाटील म्हटल्यावर सगळे एका घरचे होत नाहीत. काही न्यूरोएंडोक्राइन गाठी झपाट्याने पसरतात, काही वर्षानुवर्षं तसूभरही हलत नाहीत. काही कोणतंच संप्रेरक सोडत नाहीत आणि दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडतात. काही गॅस्ट्रिन सोडून जठरात हट्टी व्रण करतात, काहींनी दिवसाला कित्येक लिटर पाण्यासारखे जुलाब होतात. या सगळ्यांत इन्शुलिनोमा सर्वांत सोज्वळ. साधारण शंभरातले नव्वद एकटे असतात, नव्वद दोन सेंटिमीटरहून लहान असतात आणि जवळपास नव्वद कुठेही पसरत नाहीत. सासूबाईंची गाठ १६ मिलिमीटरची आहे, एकच आहे, आणि यकृतात काही असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा. काढलेल्या गाठीत पेशी किती वेगाने वाढतायत हे केआय-६७ या आकड्यावरून कळतं. तो ३ टक्क्यांच्या खाली असला तर पहिली, सर्वांत संथ श्रेणी. रिपोर्टात हा आकडा नसेल तर मागून घ्या.

ऑपरेशन हा यावरचा खरा इलाज आहे आणि त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. इन्शुलिन टोरांटोत १९२१ साली सापडलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये इन्शुलिन सोडणाऱ्या गाठीचा पहिला रुग्ण नोंदवला गेला १९२७ साली. तो स्वतः सर्जन होता, पण पोट उघडलं तेव्हा आजार यकृतात गेलेला होता. त्याला वाचवता आलं नाही. १९२९ मध्ये रॉस्को ग्रॅहम या सर्जनने अशी गाठ काढून रुग्ण बरा केला, तोही टोरांटोतच. म्हणजे ज्या शहरात इन्शुलिन सापडलं, तिथेच आठ वर्षांत त्याच्या अतिरेकावरचा उपायही सापडला. सीटी, एमआरआय, दुर्बीण यांतलं काहीच तेव्हा नव्हतं. जठराआड हात घालून बोटांनी चाचपून गाठ शोधायची. त्या मानाने सासूबाई खूप सोप्या काळात आजारी पडल्या आहेत.

तुमच्या सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा. ही गाठ नुसती सोलून काढता येईल का? लिंबाच्या फोडीतून बी काढावी तशी लहान, सौम्य गाठ भोवतालच्या ग्रंथीला धक्का न लावता काढता येते, पुष्कळदा दुर्बिणीने. नलिका तिच्यापासून दोन-तीन मिलिमीटरहून जवळ असेल, तर मात्र शेपटीचा भाग कापणंच शहाणपणाचं. तेव्हाही प्लीहा वाचवता येते का हे विचारा. वाचणार नसेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लशी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी टोचून घ्यायच्या असतात. पुढच्या आठवड्याची तारीख नको म्हणण्याचं हेही एक कारण.

ऑपरेशनात धोका नाही असं मी म्हणणार नाही. सर्वांत जास्त वेळा होणारी अडचण म्हणजे गळती. स्वादुपिंडाला जिथे टाके पडले तिथून पाचक रस झिरपतो. म्हणून पोटातून एक नळी बाहेर काढून ठेवतात आणि तिच्यातल्या पाण्यात अमायलेज हे पाचक द्रव्य किती ते तपासतात. बहुतेक गळत्या नळी ठेवून, वाट बघून थांबतात, पण मुक्काम लांबतो. या अडचणी ओळखणं आणि निभावणं सरावाच्या हातांचं काम आहे. म्हणून सर्जनना सरळ विचारा, वर्षाला स्वादुपिंडाच्या किती शस्त्रक्रिया करता? चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. यकृत-स्वादुपिंडाचा स्वतंत्र विभाग, सोबत एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांचे तज्ज्ञ, आणि ऑपरेशन चालू असताना थेट ग्रंथीवर सोनोग्राफी करायची सोय, हे तिन्ही जिथे एका छताखाली आहे तिथेच जा, मग पुणे-मुंबईला जावं लागलं तरी चालेल. परळचं टाटा मेमोरियल गाठीच्या स्वरूपाबद्दल शंका असेल तर उत्तम. खर्चासाठी आधी रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का ते दाखल व्हायच्या आधीच विचारून ठेवा.

गाठ निघाल्यावर साखर काही दिवस वर जाते, क्वचित २०० च्या पुढेही. घाबरू नका. इतकी वर्षं गाठीने दादागिरी केल्यामुळे चांगल्या बेटांनी काम टाकलेलं असतं, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो.

भाऊजींच्या काढ्याबद्दल. आईच्या आजारपणात पुढे होऊन मत देणारा दीर घरात आहे, हे मी चांगलंच समजते. त्यांना एवढंच सांगा. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्ज यांना स्वादुपिंडाची न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचं ऑक्टोबर २००३ मध्ये कळलं. त्यांनी आहार आणि इतर उपचारांत नऊ महिने घालवले आणि जुलै २००४ मध्ये ऑपरेशन करून घेतलं. त्या नऊ महिन्यांनी त्यांचं किती नुकसान झालं, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये, मीही सांगत नाही. पण सासूबाईंच्या बाबतीत गाठ पसरण्याची भीती नंतरची. साखर ३० च्या घरात उतरली की मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि ते उद्या पहाटेही होऊ शकतं. नळ ठिबकायचा थांबवील असा काढा माझ्या माहितीत नाही. काही कारणाने ऑपरेशन लांबलंच तर डायझॉक्साइड नावाचं औषध आहे. त्याने इन्शुलिन सुटणं कमी होतं, पण पायांवर सूज येते आणि चेहऱ्यावर लव वाढते, हे बाईमाणसाला आधी सांगूनच द्यावं. ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन सुचवलं तर पहिला डोस दवाखान्यातच घ्या. काही इन्शुलिनोमांत त्याने साखर आणखी उतरते.

मुलांना होईल का हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. शंभरातल्या पाच-दहा रुग्णांत ही गाठ मेन-१ नावाच्या आनुवंशिक आजाराचा भाग असते. घरात कोणाला वारंवार मुतखडे, कॅल्शियम वाढणं किंवा पिट्यूटरीची गाठ असं काही होतं का ते आठवा. सासूबाईंचं कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन हे संप्रेरक तपासून घ्या. ते ठीक असलं आणि गाठ एकच असली, तर या वयात फारशी काळजी नको.

फिटच्या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेच खरी आकडी येऊ शकते. निदान पक्कं झालं की न्यूरोलॉजिस्ट त्या हळूहळू उतरवतील. साखर उतरल्याची चिन्हं दिसली आणि सासूबाई गिळू शकत असतील, तर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात द्या आणि मागोमाग भाकरी-दूध. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, तीर्थसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. एरवी दर तीन तासांनी थोडं थोडं, आणि नुसतं गोड नको. नुसत्या साखरेने आकडा उसळतो आणि गाठ आणखी चेकाळते. ज्वारीची भाकरी, दही, डाळ, शेंगदाणे यांनी साखर हळू चढते आणि टिकते. रात्री झोपताना पोटभर खाऊ घाला. तुमच्या पहाटेच्या दुधात साखर अर्धी करा आणि बरोबर अर्धी भाकरी किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या.

आषाढीचं त्यांना असं सांगून बघा. उपास मोडायचा नाही, रिकामं पोट मात्र चालणार नाही. राजगिऱ्याची भाकरी, रताळं, वरईचा भात आणि दाण्याची आमटी, दही, हे सगळं उपासाचंच आहे. दर तीन तासांनी ते खायचं. निर्जळी आणि निरंकार मात्र ऑपरेशन होईपर्यंत बंद. माळकरी बाई आहेत, घरातलं कोणी सांगितलेलं ऐकणार नसतील तर ज्यांच्याकडे माळ घातली त्या महाराजांकडून सांगून घ्या. मी माझ्या रुग्णांना असं सुचवलंय आणि बहुतेक वेळा ते ऐकतात.

तुमच्या पत्राच्या समासात, ओळी संपल्यावर, एक वाक्य बारीक अक्षरात आहे. आता गाठ निघाली तर लोक म्हणतील, सासूबाईंनी सोंग केलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांनी सोंग केलेलं नाही. त्या क्षणांत त्या काय बोलल्या हे त्यांना आठवतसुद्धा नाही, विचारून बघा. साखर तिशीत असताना मेंदू जे करतो ते माणूस करत नसतं. बायकांनी ओटी भरली ती श्रद्धेने, आणि त्यांनीही काही चूक केली नाही. ज्याला नाव माहीत नव्हतं त्याला त्यांनी आपल्या जवळचं नाव दिलं. हे सासूबाईंना डॉक्टरांच्या समोर, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आणि बरं झाल्यावर त्यांना देवीची ओटी भरायची असेल, तर भरू द्या.

राहता राहिलं पहाटे तीनचं दूध. तुम्ही किती दिवस उठताय ते लिहिलेलं नाही, पण सीटीच्या तारखेवरून दोन महिने तरी झाले असावेत. बागेचं काम, मामंजींची औषधं आणि त्यावर हे. दाखल होईपर्यंत आणि ऑपरेशननंतर घरी आल्यावरही रात्री कोणीतरी जागं लागणार आहे, म्हणून आजपासूनच पाळी लावा. सोमवार, बुधवार, शुक्रवार मिस्टर, मंगळवार आणि गुरुवार भाऊजी. काढा करायला वेळ आहे तर दूध तापवायलाही असेल. भिंतीवर कॅलेंडर असेल, त्याच्या चौकटीत प्रत्येकाने वेळ, खाणं आणि मशीनवरचा आकडा लिहायचा. दाखल होताना ते पान फाडून सोबत न्या, तिथल्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होईल. शनिवार आणि रविवार तुमचे. बाकीचे पाच दिवस गजर तुमच्या उशाशी नको.